लष्कर भागातील वारसा फेरी : सदाशिव पेठेतल्या एका विद्यार्थ्याचा अभिप्राय

स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी हिंगोलीहून पुण्यात येऊन मला तीन वर्षे झाली आणि या काळात माझे पुणे म्हणजे सदाशिव पेठेतली कॉट बेसिसवरची खोली, अभ्यासिका, मेस आणि फार तर अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकाने, एवढेच होते. ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई मी किती वेळा पाठ केली असेल याची गणती नाही. परंतु त्या लढाईनंतर इंग्रजांनी शहराच्या पूर्वेला वसवलेली छावणी, जिला जुने पुणेकर आजही ‘लष्कर’ म्हणतात, ती खोलीपासून जेमतेम चार किलोमीटरवर असूनही मी पाहिली नव्हती. म्हणूनच एका लहानशा संस्थेने शनिवारी सकाळी ठेवलेल्या लष्कर भागाच्या वारसा फेरीसाठी मी ३०० रुपये भरले.

सुरुवात शिवाजी मार्केटपासून झाली. पूर्वी कॅनॉट मार्केट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या दगडी, गॉथिक धाटणीच्या इमारतीचे मनोरे आणि कमानी दाखवण्याआधी मार्गदर्शक ताईंनी आम्हाला थेट मासळीच्या ओट्यांकडे नेले, हे मला फार आवडले. सुरमईचे तुकडे करणाऱ्या मावशींनी हातातला कोयता न थांबवता ‘सरका पोरांनो, शिंतोडे उडतील’ असे बजावले आणि मग स्वतःहूनच एका बांगड्याचा कल्ला बोटाने उचलून, आतला लालभडक रंग दाखवून, ताजी मासळी कशी ओळखायची ते समजावून सांगितले.

तिथून मोलेदिना रस्त्यावरचे ओहेल डेव्हिड सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ), म्हणजेच पुणेकरांचे ‘लाल देऊळ’. बगदादहून मुंबईत आलेले व्यापारी डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेली ही लाल विटांची वास्तू १८६७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर पूर्ण झाली. त्यांची समाधीही याच आवारात आहे. मात्र शनिवार हा ज्यूंचा सब्बाथ, म्हणजे कामकाज बंद ठेवण्याचा पवित्र दिवस असल्यामुळे आम्हाला फाटकाबाहेरूनच पाहावे लागले, आणि ही गोष्ट आयोजकांनी पैसे घेताना सांगायला हवी होती असे माझे स्पष्ट मत आहे. ताईंनी मात्र त्या फाटकाशीच उभे राहून कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंची हकीकत सांगितली. तेलाचा घाणा चालवणारी ही मराठी बोलणारी माणसे शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आत जाता न आल्याची हळहळ त्यामुळे बरीच कमी झाली.

दुसरी उणीव अशी की आम्ही २८ जण होतो आणि ध्वनिक्षेपक नव्हता. रहदारीत मागच्यांना अर्धेअधिक ऐकूच येत नव्हते. पंधराच्या वर माणसे घेऊ नयेत.

शेवट ईस्ट स्ट्रीटवरच्या, १९५५ पासून चालत आलेल्या कयानी बेकरीत होतो. ती दुपारी मधले काही तास बंद असते, हे लक्षात ठेवून आखणी केलेली आहे. रांगेत उभे राहून घेतलेल्या श्रूसबेरी बिस्किटांचा लोण्याचा वास बसमध्ये पिशवीतूनही येत होता.

पेठांमध्ये राहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ही फेरी एकदा तरी करावी, फक्त शनिवार टाळून. येत्या रविवारी मी दोन रूममेटना घेऊन रास्ता पेठेतले बेने इस्रायलींचे १९२१ चे सिनेगॉग पाहायला जाणार आहे. आमच्या खोलीपासून तिथे चालत जाता येते.