प्रभागातल्या पोरांसाठी पैसे कशावर घालायचे: कॅमेरे, तालीम, अभ्यासिका की माणूस?

चौकात कोयता नाचवलेली एखादी रील फिरली की चार दिवसांत प्रभागात मिटिंग लागते आणि मिटिंगमधे मागण्याही ठरलेल्याच येतात, कॅमेरे बसवा, तालमीला मॅट द्या, अभ्यासिका काढा, आणि सगळ्यात शेवटी कोणतरी हळूच म्हणतं की पोरांशी बोलायला एखादा माणूस नेमा. ही शेवटची मागणी करणारी बहुतेक वेळा एखादी शाळेतली बाई असते आणि तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत चहा येतो. तर ज्यांना पुढच्या बजेटआधी कोल्हापूर महापालिकेत एकच प्रस्ताव जोर लावून रेटायचाय, मग तुम्ही नगरसेवक असा, मंडळाचे अध्यक्ष असा नाहीतर नुसतेच त्रासलेले रहिवासी, त्यांच्यासाठी हे चार पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघतो. माझं माप आधीच सांगून टाकतो, लपवायचं कशाला. प्रत्येक पर्यायाला मी एकच प्रश्न विचारणार आहे, की चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं शाळेतनं गायब व्हायला लागलं तर ह्या पैशातनं ते कुणाच्या लक्षात येणार?

कॅमेरे आणि हायमास्टचं आधी उरकून घेऊ. ह्यांचा मोठा फायदा म्हणजे ते दिसतात, नारळ फोडता येतो, आणि वॉर्डच्या निधीत सरळ बसतात कारण भांडवली काम आहे. चोरीला गेलेली गाडी शोधायला, राडा झाल्यावर कोण होतं ते बघायला उपयोग होतो, पोलिसांना विचारा तेही सांगतील. पण कॅमेरा जे सांगतो ते झाल्यावर सांगतो. परदेशात ह्यावर भरपूर अभ्यास झालेत आणि त्यातनं निघालेलं चित्र असं, की गाड्यांच्या पार्किंगमधल्या चोऱ्या कॅमेऱ्यानं बऱ्यापैकी कमी होतात, मारामाऱ्यांवर मात्र फारसा फरक पडत नाही. आणि आपल्याकडं तर रील काढणाऱ्या पोराला कॅमेऱ्याची भीती कसली, तो स्वतःच कॅमेरा घेऊन फिरतोय की! उजेडाचं वेगळं आहे, बोळात दिवा नसेल तर तो लावाच, पण तो बायकाबापड्यांच्या जाण्यायेण्यासाठी लावा, गुन्हेगारी प्रतिबंधाच्या नावावर लावू नका. एक अजून, कॅमेरा बसवायचे पैसे मिळतात, दुरुस्तीचे मिळवायला पुढची पाच वर्षं हेलपाटे घालायला लागतात.

ह्याच्याच जोडीला येणारी आयडिया म्हणजे पोरांना एकदा दणका दाखवा, जेल दाखवून आणा, माफीचा व्हिडिओ काढा. हिच्यावर एक परिच्छेदसुद्धा घालवला नसता पण लोकांना लय आवडते म्हणून लिहितो. अमेरिकेत पोरांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडनं दम द्यायचे कार्यक्रम वर्षानुवर्षं चालले, नीट तुलना करून बघितल्यावर कळलं की तिथं गेलेल्या पोरांनी न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले. आणि व्हिडिओचं म्हणाल तर अठराच्या आतल्या पोराची ओळख उघड करणं हाच बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शेअर करणाऱ्या काकांनी हे वाचून ठेवावं.

आता तालीम, म्हणजे कोल्हापुरात जिच्याविरुद्ध बोलायची सोय नाही. बोलायचं कारणही नाही खरंतर. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ह्या तालमींनी किती पोरांना पहाटे उठायला लावलं त्याचा हिशोब कोण करणार, आणि फुटबॉल तर पेठांच्या रक्तातच आहे, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार ह्या तालमींची मॅच असली की दुकानं बंद करून माणसं जातात. पोराला अंगातली रग काढायला जागा मिळते, कोणाच्या तरी मानानं वागायची सवय लागते, व्यसन केलं तर वस्ताद हाकलून देतो ही भीती असते. कॅमेऱ्याशेजारी ठेवली तर तालीम दहापट भारी.

पण प्रस्ताव लिहिताना आपण काय मागतो? मॅट, जिमचं सामान, शेड, गॅलरी. आणि पोराला सांभाळतो कोण? वस्ताद. तो म्हातारा झाला आणि त्याच्या जागी कोणी आलं नाही की तीच मॅट, तेच सामान असून तालमीचा नुसता कट्टा होतो, रात्री अकरापर्यंत पोरं बसलेली, निवडणूक आली की डिजिटल फलक लावायला आणि रॅलीला तीच पोरं कामाला येतात. मग तो फलकावर फोटो आलेला पोरगा 'भाई' व्हायला किती वेळ लागतो? मॅचनंतरच्या दगडफेकीबद्दल तर मी काय लिहू, पेठेत राहणाऱ्याला माहिती आहे. शिवाय तालमीत जे पोरगं बरं खेळतं ते टिमात येतं, ज्याला खेळता येत नाही तो बाहेर उभा, आणि आपल्याला काळजी आहे ती जास्त करून त्या बाहेर उभ्या असलेल्याची. मुली तर ह्या हिशोबातच नाहीत, एखाददुसरी सोडून. म्हणून तालीम निवडणार असाल तर मॅटच्या आधी प्रशिक्षकाचं मानधन मागा, खेळता न येणाऱ्यांसाठी संध्याकाळची वेगळी बॅच मागा, मुलींची वेळ लेखी ठरवून घ्या. हे तिन्ही मिळत असेल तर तालीम चालेल, नुस्ती शेड मिळत असेल तर राहू दे.

अभ्यासिकेचं थोडक्यात. चांगली गोष्ट आहे, एका खोलीत पाच जणं राहणाऱ्या घरातल्या पोरीला शांत टेबल मिळणं ही लहान गोष्ट नाही. फक्त तिथं येऊन बसणारे बहुतेक एमपीएससी नाहीतर पोलीस भरतीवाले, वय वीस-बावीस, स्वतःहून शहाणे. नववीत नापास झालेलं पोरगं अभ्यासिकेच्या पायरीवर पण चढत नाही. अभ्यासिका मागायची तर शिक्षणासाठी म्हणून मागा, ह्या यादीत तिला बळजबरीनं बसवू नका.

आयटीआय आणि कामाचं शिक्षण हा पर्याय मिटिंगमधे कोण काढत नाही, खरं तर काढायला पाहिजे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव ह्या औद्योगिक वसाहती इतक्या जवळ असलेल्या शहरात पोरगं हाताला काम नाही म्हणून फिरतंय हे पटत नाही. कळंब्याला सरकारी आयटीआय आहे, वेल्डरसारख्या काही ट्रेडला आठवी पास चालतं, हे आठवी-नववीतनं सुटलेल्या कितीतरी घरांत माहितीच नाही. मात्र चौदा ते अठरा वयाच्या पोराला धोक्याच्या कामावर ठेवायला कायद्यानं बंदी आहे, त्यामुळं 'माझ्या फौंड्रीत पाठवा, वळण लावतो' म्हणणाऱ्या शेठचं ऐकू नका. आणि इथंही अडतं तिथंच, की त्या घरी जाऊन फॉर्म भरून घेणार कोण आणि दुसऱ्या महिन्यात पोरगं दांड्या मारायला लागलं की बघणार कोण.

म्हणजे सगळे रस्ते मिटिंगमधल्या त्या शाळेतल्या बाईंच्या मागणीकडंच येत्यात. माणूस. समाजकार्य शिकलेला, पगारी, पूर्णवेळ, दुपारनंतर रात्री नऊ-दहापर्यंत वस्तीत फिरणारा. शक्यतो एक बाई आणि एक पुरुष असावा. आपल्याच शहरात सायबर कॉलेजला एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, शिकून पोरंपोरी बाहेर पडतात आणि पुण्या-मुंबईच्या संस्थांत कामाला जातात. महापालिकेच्या शाळा बहुतेक सातवी-आठवीपर्यंत, त्यानंतर पोरगं दुसऱ्या हायस्कूलला जातं, मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा चौदाव्या वर्षापर्यंत, आणि नेमकं ह्या वळणावर पोरगं हजेरीपटातनं गळालं तरी जुनी शाळा म्हणते आमच्याकडं नाही, नवी म्हणते आलाच नाही. त्या मधल्या फटीवर नजर ठेवणं हे ह्या माणसाचं पहिलं काम. दुसरं काम घरात, दारू पिणारा बाप, कर्ज, व्हाईटनर हुंगायची सवय, जे काय असेल ते, आणि तिसरं पोलीस ठाण्यात.

तिसऱ्यावर जरा थांबतो कारण नगरसेवकांनाही हे नीट माहीत नसतं. किमान सात वर्षं शिक्षेचा गुन्हा असेल किंवा मोठ्या माणसाबरोबर मिळून केलेला असेल तरच अल्पवयीन पोरावर एफआयआर होतो, बाकी वेळेला स्टेशन डायरीत नोंद आणि घरच्या परिस्थितीचा अहवाल, असं बाल न्याय कायद्याचे २०१६ चे नियम सांगतात. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी असायला पाहिजे आणि जिल्ह्याच्या विशेष बाल पोलीस पथकात दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यात एक महिला. म्हणजे कायद्यानं पहिल्या चुकीला पोराला परत वळवायला जागा ठेवलीय, फक्त त्या वेळी ठाण्यात पोराच्या बाजूनं बोलणारं, घर माहिती असणारं कोणतरी लागतं. नाहीतर मग भाई जातोच सोडवायला, आणि त्याची परतफेड काय ते पुढं कळतं.

ह्या पर्यायाची काळी बाजू पण सांगतो, नाहीतर तुलना कसली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधे १९३९ पासून शेकडो पोरांवर एक मोठा प्रयोग झाला, समुपदेशक, घरभेटी, शिकवण्या, समर कॅम्प, सगळं. तीस वर्षांनी बघितलं तर मदत मिळालेल्यांचं काही बाबतीत उलट जास्त बिघडलेलं, आणि त्यातही ज्यांना पुन्हा पुन्हा कॅम्पला पाठवलं त्यांचं सगळ्यात जास्त. बिघडू लागलेली पोरं एकत्र कोंबली की ती एकमेकांकडनंच शिकतात, नासका आंबा पेटीत ठेवल्यासारखं. त्यामुळं 'धोक्यातली पोरं' अशी यादी करून त्यांचीच वेगळी बॅच काढायची नाही, सगळ्यांच्या खेळात, सगळ्यांच्या शिकवणीत ती मिसळलेली असली पाहिजेत. दुसरा धोका साधा, माणूस मानधनावर, अकरा महिन्यांचा करार, पोरं ओळखायला लागली की करार संपला. एका वर्षाचा माणूस देत असतील तर मी सांगेन तालमीच्या प्रशिक्षकाला पैसे द्या, तो निदान पेठेतच राहतोय.

पैशाचं कोडं असं, की वॉर्डच्या निधीत रस्ता, गटर, पेव्हिंग ब्लॉक बसतो, पगार बसत नाही. त्याची वाट महिला-बालकल्याणच्या ५ टक्के राखीव तरतुदीतनं काढायला लागते, आणि तिथं शिलाई मशिनं आधीच रांगेत असतात. इंग्लंडमधे १९९८ च्या कायद्यानं प्रत्येक स्थानिक कौन्सिलला दरवर्षी अल्पवयीन पोरांच्या गुन्ह्यांबद्दलचा आराखडा करणं बंधनकारक आहे आणि त्यासाठीच्या टीममधे पोलीस, समाजसेवक, प्रोबेशन, आरोग्य, शिक्षण सगळ्यांचा माणूस लागतो. आपल्या महापालिका कायद्यात असं बंधन नाही, बाल संरक्षणाचं यंत्र जिल्ह्याकडं, पोलीस गृहखात्याकडं, शाळा महापालिकेकडं, आणि पोरगं मधे. मिशन वात्सल्य ह्या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत प्रभाग पातळीच्या बाल संरक्षण समितीची सोय आहे, ती कागदावर असेल तर बैठक लावा, नसेल तर स्थापन करायची मागणी करा, कारण हे तिघं एका टेबलावर यायची तेवढीच जागा आहे.

आणि हे कोल्हापूरला परकं वाटायचं काही कारण नाही. शाहू महाराजांनी १९१८ साली काही जाती-जमातींवर लादलेली हजेरी बंद केली आणि त्यातल्या माणसांना नोकऱ्या दिल्या, आधीच्या वर्षी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला होता. नजर ठेवण्यापेक्षा काम देणं स्वस्त पडतं हे ह्या गावात शंभर वर्षांपूर्वी करून झालंय, आणि आपण कॅमेरे मागतोय.

तर ठरवायचं कसं? बोळात अंधार आणि छेडछाड हीच मुख्य तक्रार असेल तर दिवे मागा आणि विषय तिथंच संपवा. पेठेत जिवंत तालीम आणि ऐकणारा वस्ताद असेल, आणि पालिका एका वर्षापलीकडं काही द्यायला तयार नसेल, तर तालीम, वर सांगितलेल्या तीन अटींसह. तीन वर्षं टिकेल अशी तरतूद मिळण्याची थोडी जरी शक्यता असेल तर माणूस, दोन जमत नसतील तर एकच मागा पण पूर्णवेळ मागा, चार प्रभागांत वाटलेला घेऊ नका. बजेटचे आकडे फेब्रुवारी-मार्चमधे पक्के होतात, म्हणजे दिवाळी संपली की पत्र गेलेलं असलं पाहिजे. पत्राला शाळांकडनं आठवी-नववीच्या गैरहजेरीचा नुसता आकडा घेऊन जोडा. पोरांची नावं कुठंही लिहू नका, नगरसेवकांनी मागितली तरी.