खान्देशातल्या फ्लॅटला स्कँडिनेव्हियन सजावट: फोटोबरहुकूम करावी की इथल्या सामानात?

खान्देशात नवा फ्लॅट ताब्यात आला की हल्ली सुतार-पेंटर यायच्या आधी मोबाइलमधला फोटो बाहेर निघतो. पांढऱ्या भिंती, फिकट लाकडाचं फर्निचर, राखाडी सोफा, कोपऱ्यात एक दिवा आणि बाकी मोकळी जागा. मला ही शैली मनापासून आवडते. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वेच्या लोकांनी कमी सामानात घर देखणं करून दाखवलं, आणि टू बीएचके फ्लॅटला नेमकं तेच हवं असतं. पण ती घरात आणायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे फोटोबरहुकूम: शुभ्र रंग, पाइन, लोकरी गालिचा, खोक्यातून येणारं तयार फर्निचर. दुसरा म्हणजे मांडणी त्यांची, पण सामान आणि कारागीर इथला. पैसा दोन्हीकडे लागतो. फरक कळतो तो एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्यावर.

उजेड

डिसेंबरात स्टॉकहोमचा दिवस सहा तासांच्या आसपास असतो. भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून सातेक अंशच वर चढतो. म्हणून तिथे भिंती पांढऱ्या, पडदे पातळ, कुठे कुठे नाहीतच. मिळेल तेवढा उजेड आत घ्यायचा, एवढाच हेतू. आपलं गणित उलटं आहे. जळगाव साधारण २१ अंश अक्षांशावर येतं. मेच्या अखेरीस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सावली पायाखाली जाते. पारा ४५ च्या पुढे गेला तरी कोणाला नवल वाटत नाही. अशा दिवसांत पश्चिमेचा हॉल, उघडी काच, शुभ्र भिंत आणि बिल्डरनं बसवलेली पांढरी चकचकीत फरशी एकत्र आली की चार वाजता खोलीत डोळे उघडवत नाहीत. मग जाड गडद पडदे येतात, आणि फोटोसाठी केलेला सगळा खर्च त्या पडद्यांच्या अंधारात जातो.

दुसऱ्या रस्त्यात पांढरा रंग सोडायचा नाही, त्याची जागा बदलायची. भिंतींना मॅट रंग द्या, ज्वारीच्या पिठासारखा किंचित मळकट पांढरा. शुभ्र रंग गच्चीवर न्या: शेवटचा मजला असेल तर सोसायटीला विचारून गच्चीला चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग मारून घ्या. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरच्या अंगानं छज्जा किंवा बांबूची चिक लावा. ऊन एकदा काचेतून आत आलं की पडदा उजेड अडवतो, उष्मा बराचसा खोलीतच राहतो. बाहेर अडवलं तर ते आत येतच नाही. एवढं केलंत की आतून खुशाल फोटोतला पातळ सुती पडदा सोडा.

लाकूड

फोटोतलं फिकट लाकूड म्हणजे बर्च, पाइन, ॲश, बीच. बाजारात त्या रंगाचं जे तयार फर्निचर मिळतं, त्यात बऱ्याचदा आत पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेला बोर्ड असतो आणि वर लाकडासारखा दिसणारा पातळ थर. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी होते की अस्सल पाइनसुद्धा आकसतं आणि सांध्यांत फटी पडतात. त्याच दिवसांत घरोघर कुलर सुरू असतो, आणि कुलरचा झोत ओला. त्या झोतात उभ्या असलेल्या बोर्डाच्या कपाटाची खालची कड वाकून पाहा. ती फुगलेली असते, थर सुटलेला असतो, बिजागरीच्या स्क्रूनं पकड सोडलेली असते आणि दार एका बाजूला उतरलेलं असतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत वाळवीची भर पडते ती वेगळीच.

यावर इथलं उत्तर सागवान. पण सागाचं नाव काढलं की ‘मग ते जुन्या वळणाचं दिसेल’ असं ऐकू येतं. मला हे मुळीच पटत नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत डेन्मार्कच्या नामांकित डिझायनरांनी आशियातून नेलेला सागच भरपूर वापरला. त्या काळचं डॅनिश फर्निचर म्हटलं की साग आधी आठवतो. जुनं वळण लाकडात नसतं, ते गडद तांबूस पॉलिशमध्ये आणि कोरीव नक्षीत असतं. सागाला पारदर्शक मॅट पॉलिश करा, पाय सरळ आणि बारीक ठेवा, कडा गोलसर घासून घ्या, फोटोतली शैली जशीच्या तशी उतरते.

गावाकडचं धाब्याचं घर किंवा वाडा उतरवायचा असेल, तर तुळया आणि कड्या व्यापाऱ्याला द्यायच्या आधी आपल्या सुताराला दाखवा. पिढ्यान्‌पिढ्या वाळलेलं ते लाकूड आता सहसा पिळवटत नाही. आतले खिळे मात्र एकेक शोधून उपटावे लागतात, नाहीतर रंध्याच्या पात्याला दात पडतात. म्हणून मजुरी जास्त पडते, ती द्यावी. फिकट रंगावरच मन बसलं असेल तर शिवणीचं लाकूड विचारा. रंगानं पिवळट मलईसारखं, वजनाला हलकं आणि हवापाण्यानं फारसं न हलणारं. वाळवीचं औषध तेवढं मारून घ्या.

बसायची सोय

हान्स वेग्नर या डॅनिश डिझायनरची १९४९ मधली विशबोन खुर्ची आजही हातानं विणतात. एका बैठकीला सुमारे १२० मीटर कागदी दोरी लागते. हे ज्याला भावतं, त्यानं बाज विणणाऱ्याला घरी बोलवावं. सागाची सरळ चौकट आणि त्यावर पांढऱ्या सुती दोरीची किंवा नवारीची वीण, अशी बाज हॉलमध्ये सोफ्याच्या जागी ठेवली की खोली मोकळी दिसते आणि पाठीला हवा लागते. राखाडी कापडाचा सोफा धूळ धरून ठेवतो आणि मेमध्ये अंगाला चिकटतो. फोटोतले सोफे बुटकेही असतात, त्यावरून आजीला उठवत नाही.

आणि खान्देशी हॉलची खरी परीक्षा श्रावणात कानबाई या देवीच्या सणाला होते. चौरंग मांडायचा असतो, सगळी भाऊबंदकी जमते, रोटांची पंगत बसते, रात्री जागर असतो. एल आकाराचा जड सोफा असला की तो ठेवायचा कुठे, यावरच घरात वाद होतो. बाज भिंतीशी उभी राहते, हलक्या खुर्च्या एका हातानं बाल्कनीत जातात. थोडं, हलकं आणि हलवता येणारं सामान ठेवायची ही पद्धत आपल्या घरांना इथे अगदी नेमकी जुळते, रूढ इंटीरियर पॅकेजपेक्षा कितीतरी जास्त.

जिथे ती जुळत नाही

स्वयंपाकघर आणि साठवण. वर्षाचा गहू आणि दादर ज्वारी, उडीद, मिरच्या, पापड-कुरडयांचे डबे, गोधड्या हे सगळं उघड्या फळीवर मावत नाही, आणि मावलं तरी आठवड्यात धुळीनं भरतं. इथे फोटो बाजूला ठेवा. छतापर्यंत बंद कपाटं करा, भिंतीच्याच रंगाची, म्हणजे ती डोळ्यांत भरत नाहीत. पांढऱ्या ओट्यावर हळद कायमची बसते आणि शेवभाजीच्या फोडणीचा तेलकट वाफारा पांढऱ्या दारांवर लगेच उठून दिसतो. काळा ग्रॅनाइटचा ओटा असेल तर तो बदलू नका.

लाकडासारखं लॅमिनेट फ्लोअरिंगही नको. रोजच्या ओल्या फडक्यानं त्याचे सांधे फुगतात, आणि उन्हाळ्यात दुपारी गार फरशीवर आडवं व्हायचं सुख जातं. लोकरी गालिच्याऐवजी सुती सतरंजी किंवा चटई. चटईचे कारखाने जळगावातच आहेत. एकरंगी, बिनफुलांची मागून घ्या.

काय जसंच्या तसं घ्यावं

दिवे. डेन्मार्कच्या पॉल हेनिंगसेन या डिझायनरनं आयुष्यभर एका गोष्टीचा ध्यास घेतला: बल्ब डोळ्यांत खुपू नये. १९५८ चा त्याचा पीएच ५ हा टांगता दिवा त्याच विचारातून झाला. आपण मात्र छताला एक पांढरीफट ट्यूब लावून मोकळे होतो. त्याऐवजी २७०० ते ३००० केल्विनचे (हा आकडा खोक्यावर असतो) वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर उजेडाचे बल्ब, शेडच्या आत, हॉलमध्ये तीन-चार ठिकाणी विभागून लावा. सगळ्या बदलांत हा स्वस्त आहे आणि भाड्याच्या घरातही होतो.

भाड्यानं राहत असाल किंवा बदलीची नोकरी असेल, तर तयार फर्निचर घ्यायला माझी हरकत नाही. खोलून परत जोडता येईल असं घ्या, पाय असलेलं, आणि कुलरच्या झोतापासून लांब ठेवा. घर स्वतःचं असेल आणि तिथे पुढची वीस वर्षं काढायची असतील, तर मी दुसऱ्याच रस्त्यानं जाईन, पैसे थोडे थोडे करून घालावे लागले तरी. तेव्हा सुताराच्या हातात नुसता फोटो देऊ नका, मापं लिहून द्या: बैठकीची उंची सोळा-सतरा इंच, पलंग-कपाटांच्या खाली झाडू फिरेल इतकी सहा इंचांची मोकळी जागा, पॉलिश पारदर्शक आणि मॅट, नक्षी कुठेही नाही.