पहिले मुद्रण की मर्यादित आवृत्ती? इंग्रजी भयसाहित्याच्या नव्या संग्राहकासाठी तुलनात्मक आढावा

आधुनिक इंग्रजी भयसाहित्याच्या दुर्मीळ प्रती जमवायचे ज्याने मनावर घेतले आहे, त्याच्यापुढे पहिल्याच खरेदीला दोन पर्याय उभे राहतात. एक म्हणजे मोठ्या प्रकाशनसंस्थेने पुस्तकाच्या दुकानांसाठी काढलेल्या पहिल्या आवृत्तीचे पहिले मुद्रण, म्हणजे अगदी पहिल्या खेपेत छापलेली प्रत. दुसरा म्हणजे छोट्या, खास प्रकाशकाने मोजक्या प्रती छापून, त्यांवर लेखकाची सही घेऊन आणि क्रमांक घालून विकलेली मर्यादित आवृत्ती. विक्रेत्यांच्या याद्यांत 'साइन्ड', 'लिमिटेड' आणि 'फर्स्ट' ही विशेषणे इतकी खेटून येतात की तिन्ही गुण एकाच प्रतीत असणारच, असा नवख्याचा समज होतो. वास्तविक बहुसंख्य मर्यादित आवृत्त्या पहिल्या नसतात, बहुसंख्य पहिली मुद्रणे मर्यादित नसतात, आणि सही या दोहोंवर असू शकते किंवा कशावरही नसू शकते. आपण यांपैकी नेमक्या कोणत्या गुणासाठी पैसे मोजत आहोत, हे ठरवणे किंमतीची घासाघीस करण्यापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.

आधी दुकानी आवृत्तीकडे पाहू, कारण तिथे पारखायला सर्वाधिक वाव आहे. स्टीफन किंग यांची पहिली कादंबरी 'कॅरी' ही डबलडे या संस्थेने १९७४ च्या वसंतात ५.९५ डॉलर किंमतीला प्रसिद्ध केली. पहिल्या मुद्रणाच्या प्रतीत प्रकाशनविषयक पानावर पहिली आवृत्ती असल्याचा स्पष्ट उल्लेख असतो, पुस्तकावरच्या सुट्या कागदी वेष्टनाच्या आतल्या घडीवर ती किंमत असते, आणि १९९ व्या पानावर शिवणीच्या बाजूला, पान पुरते उघडल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, 'पी६' अशी बारीक खूण छापलेली असते. डबलडेच्या या खुणांत अक्षर छपाईचे वर्ष सांगते आणि आकडा त्या वर्षातला आठवडा. म्हणजे 'पी६' याचा अर्थ १९७४ चा सहावा आठवडा. 'द शायनिंग' १९७७ च्या जानेवारीत बाजारात आली, आणि तिच्या ४४७ व्या पानावरची 'आर४९' ही खूण त्याआधीच्या वर्षाचा एकोणपन्नासावा आठवडा दाखवते. मात्र केवळ खूण पाहून हुरळून जाऊ नये. डबलडेच्या बुक क्लबच्या, म्हणजे सभासदांना स्वस्तात पुस्तके पुरवणाऱ्या योजनेच्या, प्रतींवरही अशा खुणा असतात, परंतु त्यांच्या वेष्टनावर किंमत नसते, कागद आणि पुठ्ठा हलका असतो, आणि मागच्या पुठ्ठ्यावर कोपऱ्यात पुष्कळदा शाईविना दाबलेला लहानसा ठसा बोटाला जाणवतो. बुक क्लबची प्रत वाचायला उत्तम असते, परंतु संग्राह्य वस्तू म्हणून तिचे मोल नाममात्र असते.

वेष्टन हा दुकानी आवृत्तीचा प्राण आहे, आणि 'सेलम्स लॉट' (१९७५) इतके चांगले त्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. या कादंबरीच्या वेष्टनावर आधी ८.९५ डॉलर अशी किंमत छापली गेली. पुस्तक दुकानांत जाण्यापूर्वी प्रकाशकाने ती कमी करायचे ठरवले, तेव्हा छापलेल्या वेष्टनांचा किंमतीचा कोपरा कापून ७.९५ हा नवा आकडा टाकण्यात आला. त्याच घडीवरच्या मजकुरात धर्मगुरूचे नाव 'फादर कोडी' असे चुकून पडले होते. कादंबरीत कोडी हा डॉक्टर आहे आणि धर्मगुरूचे नाव कॅलाहन आहे. ही चूक नंतरच्या वेष्टनात दुरुस्त झाली. परिणामी पहिल्या मुद्रणाच्या आतल्या पानांत फरक नसूनही वेष्टनाच्या तीन अवस्था निर्माण झाल्या: ८.९५ किंमत शाबूत असलेली व 'कोडी' नाव असलेली, ज्याच्या प्रती अत्यंत थोड्या आहेत; कोपरा कापून ७.९५ किंमत टाकलेली व 'कोडी' नाव असलेली, आणि ७.९५ किंमतीची, 'कॅलाहन' नाव असलेली. एरवी कोपरा कापलेले वेष्टन म्हणजे दोष, पण इथे तोच कापलेला कोपरा दुसऱ्या अवस्थेची ओळख ठरतो. एका कागदाच्या घडीवरून किंमतीत जमीनअस्मानाचा फरक पडावा हे बाहेरच्याला हास्यास्पद वाटेल, पण या छंदातला बराचसा आनंद असल्याच तपशिलांत आहे.

मात्र पहिले मुद्रण म्हणजे दुर्मीळ, हे समीकरण सरसकट खरे नाही. किंग प्रसिद्धीच्या शिखरावर असताना, १९८६ मध्ये, व्हायकिंगने काढलेल्या 'इट'चे पहिले मुद्रणच लाखांच्या घरातले होते, त्यामुळे त्याची सुस्थितीतली, सहीविना प्रत आजही सहज मिळते. शिवाय त्या कादंबरीची जगातली सर्वांत पहिली आवृत्ती अमेरिकन नसून हाइने या जर्मन प्रकाशकाची मर्यादित जर्मन आवृत्ती मानली जाते. ब्रिटिश भयकथाकार क्लाइव्ह बार्कर यांच्याबाबतीत गंमत वेगळीच आहे. त्यांच्या 'बुक्स ऑफ ब्लड'चे खरे पहिले प्रकाशन म्हणजे स्फिअर या ब्रिटिश संस्थेने १९८४ मध्ये काढलेली कागदी बांधणीची तीन साधी पुस्तके. पुठ्ठ्याच्या बांधणीतल्या सहीच्या मर्यादित प्रती त्यानंतरच्या. प्राथम्याचा आग्रह धरणाऱ्याला इथे स्वस्त दिसणारी प्रत घ्यावी लागते, आणि अशा पुस्तकांचा कणा न मोडलेली प्रत मिळणे हेच कठीण असते.

आता मर्यादित आवृत्तीकडे येऊ. या प्रांतात १९८० चे दशक निर्णायक ठरले. मिशिगनमधल्या फँटेशिया प्रेसने १९८० मध्ये 'फायरस्टार्टर'च्या ७२५ क्रमांकित आणि २६ अक्षरांकित (क्रमांकाऐवजी ए ते झेड ही अक्षरे घातलेल्या) प्रती काढल्या. कथा आग लावणाऱ्या मुलीची असल्याने अक्षरांकित प्रतींची बांधणी अ‍ॅस्बेस्टॉसच्या कापडात केली होती. ही आवृत्ती व्हायकिंगच्या दुकानी आवृत्तीच्या आधी निघाली, म्हणजे तिच्यात प्राथम्य, सही आणि मर्यादा हे तिन्ही गुण एकत्र आले. दोन वर्षांनी, १९८२ मध्ये, ऱ्होड आयलंडच्या डोनाल्ड एम. ग्रँट यांनी मायकेल व्हेलन यांच्या चित्रांसह 'द गनस्लिंगर' प्रसिद्ध केली. तिच्या साध्या १०,००० प्रती २० डॉलरला होत्या, आणि सहीच्या क्रमांकित ५०० प्रती ६० डॉलरला. पुढच्या वर्षी 'पेट सेमेटरी'त लेखकाच्या आधीच्या पुस्तकांच्या यादीत या पुस्तकाचा उल्लेख झाला, आणि हे पुस्तक मिळते कुठे अशी विचारणा करणाऱ्या पत्रांचा प्रकाशकांकडे व लेखकाकडे पाऊस पडला. ग्रँट यांच्या साध्या पहिल्या मुद्रणालाही आज मान आहे तो यामुळेच.

यांच्या शेजारी अलीकडच्या मर्यादित आवृत्त्या ठेवल्या की फरक स्पष्ट होतो. मेरीलंडची सिमेटरी डान्स, मिशिगनची सबटेरेनियन प्रेस, कोलोरॅडोची सेंटिपीड प्रेस, कॅलिफोर्नियाची सनटप एडिशन्स या संस्थांची पुस्तके निर्मितीच्या दृष्टीने दुकानी आवृत्तीपेक्षा निर्विवाद सरस असतात. उत्तम कागद, नवी चित्रे, स्लिपकेस (पुस्तक सरकवून ठेवायची, एका बाजूने उघडी पेटी), कधी खिळ्यांच्या जुळणीची छपाई, असा सगळा थाट असतो. परंतु यांतली अनेक पुस्तके दशकांपूर्वी गाजलेल्या कादंबऱ्यांची पुनर्निर्मिती असतात. त्यांना त्या प्रकाशकाची पहिली आवृत्ती म्हणता येईल, पुस्तकाची नव्हे. सुंदर वस्तू म्हणून ती घेण्यात काहीच गैर नाही. जाहिरातीतला 'फर्स्ट' हा शब्द तेवढा सोडून द्यावा.

सहीच्या बाबतीत मात्र मर्यादित आवृत्ती उघडपणे वरचढ आहे. तिथे लेखकाकडे सुटी पाने पाठवली जातात, त्यांवर सह्या होतात आणि मग ती पाने बांधणीत घातली जातात. किती प्रती निघाल्या आणि ही कितवी, हे त्याच पानावर किंवा अखेरच्या पानावर छापलेले असते. त्यामुळे सही खरी असल्याची हमी वस्तूतच अंतर्भूत असते. दुकानी प्रतीवरची सही कार्यक्रमात घेतलेली असते, भेट म्हणून मिळालेली असते किंवा नंतर कोणी 'पैदा' केलेली असते. किंग यांच्या बनावट सह्या बाजारात इतक्या आहेत की ठोस पूर्वेतिहासाविना त्यांची सहीची 'कॅरी' घेण्याचे धाडस नवख्याने करू नये. विक्रेत्याने स्वतःच छापलेल्या सत्यता-प्रमाणपत्राला त्या विक्रेत्याच्या लौकिकाइतकेच वजन असते. आयलॅब किंवा अमेरिकेतल्या एबीएए या दुर्मीळ ग्रंथविक्रेत्यांच्या संघटनांचा सभासद असलेला विक्रेता दोन पैसे जास्त घेतो, पण वर्णन खोटे ठरल्यास प्रत परत घेण्याची जबाबदारीही घेतो. नंतर चिकटवलेल्या बुकप्लेटवरची (सुट्या छापील चिठ्ठीवरची) सही या सर्वांत खालच्या पायरीवर.

मर्यादित आवृत्तीतही सही कोणाची आहे ते वाचावे. 'आर्टिस्ट एडिशन' या नावाच्या प्रतींवर बहुधा चित्रकाराची सही असते, लेखकाची नव्हे. क्रमांकांव्यतिरिक्त काही प्रती प्रकाशक, लेखक व स्नेह्यांसाठी काढलेल्या असतात, त्यामुळे '५०० पैकी' हा आकडा वस्तुतः थोडा सैल असतो. २६ किंवा ५२ अक्षरांकित प्रतींचा मोह सुरुवातीला तरी टाळावा. त्यांची किंमत क्रमांकित प्रतीच्या कित्येक पट असते, आणि त्यातला बराच भाग चामडे व ट्रेकेस (झाकणाची बंद पेटी) यांवर खर्च होतो. आगाऊ पैसे भरून वर्षानुवर्षे पुस्तकाची वाट पाहण्याचे प्रसंगही या व्यवसायात नवे नाहीत, म्हणून प्रकाशकाने यापूर्वी जाहीर केलेली पुस्तके वेळेवर दिली का, एवढे पाहूनच नोंदणी करावी.

महाराष्ट्रात बसून हा संग्रह करणाऱ्यासाठी दोन मुद्दे वेगळे आहेत. नारायण धारपांच्या मार्गाने किंगकडे गेलेले अनेक मराठी वाचक आहेत, पण भयकथांच्या सहीच्या, क्रमांकित आवृत्त्यांची परंपरा आपल्याकडे रुजली नाही, त्यामुळे बहुतेक खरेदी परदेशातूनच करावी लागते. २०१९ च्या अर्थसंकल्पाने आयात छापील पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क लावले, ते शुल्क, विमा आणि कुरिअर धरून हिशेब मांडावा. स्लिपकेससह येणारी जाडजूड प्रत वजनामुळेच महाग पडते. दुसरा मुद्दा हवेचा. मुंबईच्या आणि कोकणाच्या पावसाळ्यात चामड्याच्या बांधणीवर बुरशी लवकर धरते, आणि बंद ट्रेकेसमध्ये ती आपल्या लक्षात उशिरा येते. कापडी बांधणीची, पारदर्शक पॉलिएस्टरच्या आवरणात घातलेले वेष्टन असलेली दुकानी प्रत तुलनेने सोसते, अर्थात तिलाही कसर लागू शकते. दमट गावात राहणाऱ्याने अक्षरांकित प्रत न घेण्याचे हे पैशाइतकेच सबळ कारण आहे.

ज्याला एखाद्या कादंबरीचा इतिहास हातात धरायचा आहे, त्याने सहीचा हट्ट सोडून सत्तरच्या दशकातले दुकानी पहिले मुद्रण घ्यावे, आणि पुस्तकाइतकेच पैसे वेष्टनासाठी मोजण्याची तयारी ठेवावी. ज्याला लेखकाची खात्रीची सही हवी आहे, त्याने क्रमांकित प्रत घ्यावी. दोन्हींपैकी एकच परवडत असेल, तर मी जुन्या कादंबरीच्या नव्या थाटमाटाच्या आवृत्तीपेक्षा मूळ दुकानी मुद्रणाच्या बाजूने कौल देईन. याला अपवाद एकच, आणि तो सर्वांत फायद्याचा आहे: जिथे छोट्या प्रकाशकाची आवृत्ती हीच पुस्तकाची पहिली आवृत्ती असते. जो हिल यांचा 'ट्वेंटिएथ सेंच्युरी घोस्ट्स' हा कथासंग्रह इंग्लंडच्या पीएस पब्लिशिंगने २००५ मध्ये काढला. त्याच्या १,००० प्रती कागदी बांधणीत, ५०० सहीच्या पुठ्ठा बांधणीत आणि २०० स्लिपकेससह होत्या, आणि हे लेखक किंग यांचे चिरंजीव आहेत हे तेव्हा बहुतेक वाचकांना ठाऊक नव्हते. आज प्राथम्य, सही आणि मर्यादा यांच्या त्याच जोडणीचा शोध घ्यायचा, तर नावाजलेल्या लेखकांच्या याद्या चाळण्याऐवजी छोट्या प्रकाशकांनी या वर्षी कोणाचा पहिला संग्रह काढला आहे ते पाहावे, तो वाचावा, आणि आवडला तर दर्शनी किंमतीतच सहीची क्रमांकित प्रत नोंदवावी.