लाइट जाणाऱ्या गावांसाठी जेनकिन्सचे एजंट, दीड वर्ष वापरून लिहितोय
जळगाव एमआयडीसीत आमची डाळ मिल आहे आणि अमळनेर, चोपडा, शिरपूर, दोंडाईचा अशी चार खरेदी केंद्रं. प्रत्येक ठिकाणी एक विंडोजचं मशीन, त्यावर टॅली आणि वजनकाट्याचं सॉफ्टवेअर. रात्री बॅकअप घ्यायचा, काटापट्ट्यांची फाइल जळगावला आणायची आणि सकाळी शेठ यायच्या आत कुठे किती क्विंटल हरभरा आला याचा रिपोर्ट तयार ठेवायचा. काम एवढंच, पण रोज व्हायलाच पाहिजे. आता ते जेनकिन्स करतं, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर.

पहिले प्रत्येक मशीनवर टास्क शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणारी विंडोजचीच सोय, लावलेला होता. ऐन सीझनमध्ये चोपड्याची हार्ड डिस्क गेली आणि बघतो तर शेवटचा बॅकअप ११ दिवस जुना. चूक माझीच, टास्क लावताना 'युजर लॉगिन असेल तरच चालव' हा पर्याय तसाच राहिला होता, आणि नवीन ऑपरेटर संध्याकाळी जाताना लॉग ऑफ करायचा, म्हणजे त्याची सवय चांगलीच होती. ११ दिवसांच्या काटापट्ट्या कार्बन कॉपीवरून परत टाइप केल्या, तिघं जण दोन रात्री बसलो. काही पट्ट्यांवरचा आकडा ३ आहे का ८ तेच कळत नव्हतं, शेतकऱ्यांना फोन करून विचारावं लागलं. ते माझ्या अजून डोक्यात आहे.

मग एक विकतचं शेड्युलर घेतलं. त्यात मेन सर्व्हर केंद्रावरच्या मशीनमध्ये बाहेरून शिरायचा, म्हणजे प्रत्येक ठिकाणी स्टॅटिक आयपी (कधी न बदलणारा नेटचा पत्ता) घ्या, राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडा. आमची दोन केंद्रं मोबाइलच्या नेटवर चालतात, तिथे बाहेरून आत यायला रस्ताच नाही. दोन महिन्यांत बंद केलं.

जेनकिन्स तसं प्रोग्रामर लोकांचं हत्यार. कोहसुके कावागुची यांनी सन कंपनीत असताना हडसन नावाने सुरू केलेलं, २०११ मध्ये नाव बदललं, पूर्ण फुकट. आमच्या कामाचा आहे त्यातला एजंट. कामं वाटून देणारा मेन कंट्रोलर जळगावला आणि केंद्रावर जावा नावाच्या सॉफ्टवेअरवर चालणारी एक छोटी फाइल, तीच एजंट. ती फाइल स्वतःच बाहेर कॉल करून कंट्रोलरला जोडली जाते, वेबसॉकेटने (वेबसाइटच्याच रस्त्याने सतत चालू राहणारी जोडणी), ही सोय २०२० पासून आहे. स्टॅटिक आयपी लागला तो फक्त जळगावला. नेट तुटलं की एजंट परत परत जोडायचा प्रयत्न करत राहतो, कोणी हात लावायची गरज नाही.

पण खरी किंमत कळली पावसाळ्यात. शिरपूरला रात्री लाइट गेली ती सकाळपर्यंत नाही. ऑफिसला येऊन स्क्रीन बघितली तर शिरपूरचा जॉब, म्हणजे रात्रीचं ठरलेलं काम, रांगेत थांबलेला आणि समोर स्पष्ट लिहिलेलं, शिरपूर ऑफलाइन. फोन केला तर ऑपरेटर म्हणे, "आत्ताच आली भो लाइट, मशीन चालू करतोय." मी फोन कानाला लावूनच बसलो, एजंट जोडला गेला आणि जॉब आपोआप सुरू झाला. एक लक्षात ठेवा, दोन दिवस लाइट नसेल तर दोन जॉब साचत नाहीत, एकच थांबतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये 'आजची फाइल आण' असं न लिहिता 'न आलेल्या सगळ्या आण' असं लिहा.

जॉबच्या वेळापत्रकात मिनिटाच्या जागी इंग्रजी एच हे अक्षर टाकलं की चारही केंद्रांचे जॉब वेगवेगळ्या मिनिटाला विखुरले जातात, एकदम नेटवर तुटून पडत नाहीत. लेबलही कामाचं आहे, ज्या मशीनला 'काटा' लेबल लावलं तिथेच काट्याचा जॉब जातो.

आता त्रासाचं पण सांगतो. कंट्रोलर स्वतःच बंद असेल तर त्या वेळचे जॉब गेले ते गेले, नंतर आपोआप भरून काढत नाही, म्हणून जळगावच्या मशीनला चांगला यूपीएस पाहिजेच. जॉब अर्ध्यात असताना केंद्राची लाइट गेली तर तो फेल होतो, परत चालवावा लागतो. एजंट सर्व्हिस म्हणून (कोणी लॉगिन नसलं तरी चालेल असा) लावला की त्याला मॅप केलेला झेड ड्राइव्ह, म्हणजे दुसऱ्या मशीनवरचं जोडलेलं फोल्डर, दिसत नाही, पूर्ण नेटवर्क पाथ द्यावा लागतो, माझा एक अख्खा रविवार यात गेला. आणि अपडेट टाळू नका, जानेवारी २०२४ मध्ये यात कंट्रोलरवरच्या फाइली बाहेरून वाचता येतील अशी त्रुटी सापडली होती, दुरुस्ती लगेच आली पण ती टाकणाऱ्यालाच फायदा. नवीन व्हर्जनला जावाही नवीन लागतं, अमळनेरचं जुनं मशीन त्यापायी बदलावं लागलं.

स्क्रीन जुनाट दिसते, पूर्ण मराठीत नाही, शिकायला मला तीन आठवडे लागले. तरी पाचपैकी साडेचार देतो, अर्धा त्या सुटलेल्या जॉबसाठी कापला. ज्यांची दोन-चार गावांत दुकानं, गोडाउन किंवा केळीची खरेदी केंद्रं आहेत त्यांनी आधी एकाच मशीनवर एजंट लावून महिनाभर बघा, आम्ही पण आधी फक्त चोपड्यालाच लावला होता.