आठ महिने स्विफ्टच्या अलर्टवर

गेल्या ऑक्टोबरपासून गॅमा-किरण स्फोटांचे, म्हणजे दूरच्या आकाशगंगांमधून येणाऱ्या गॅमा किरणांच्या क्षणिक, प्रखर झोतांचे, अलर्ट माझ्या लॅपटॉपवर येताहेत. उपग्रहांना स्फोट दिसला की नासाची जीसीएन सेवा ते पाठवते. सेवा मोफत आहे. खातं उघडायचं आणि पायथॉनमधली छोटी स्क्रिप्ट रात्रभर चालू ठेवायची. फलटणजवळच्या मळ्यातल्या घराच्या गच्चीवर माझी 8 इंची न्यूटोनियन दुर्बीण असते. पाऊस लागला, दुर्बीण आत आली, म्हणून आता निवांत लिहितोय.

सुरुवातीला हौसेनं सगळ्याच उपग्रहांचे अलर्ट लावून घेतले. फर्मी उपग्रहावरचा जीबीएम हा गॅमा-किरण शोधक वर्षाला दोनशेच्या वर स्फोट पकडतो, त्यामुळे फोन सारखा वाजायचा. पण जीबीएम दिशा ठरवतो ती कुठल्या डिटेक्टरवर किती मारा झाला यावरून, आणि जागेत कित्येक अंशांची चूक राहू शकते. माझ्या कॅमेऱ्यात जेमतेम सव्वा अंश आकाश मावतं. पाच अंश त्रिज्येचं वर्तुळ झाकायचं तर साठ-सत्तर फ्रेम लागतात, तोवर आफ्टरग्लो (स्फोटानंतर मागे उरणारा, मावळत जाणारा प्रकाश) विझत आलेला असतो. 17 ऑगस्ट 2017 ला गुरुत्वीय लहरींच्या मागोमाग 1.7 सेकंदांनी आलेला स्फोट जीबीएमनं टिपला, त्याचं मोल मोठंच आहे. पण एकट्या छोट्या दुर्बिणीला जीबीएमच्या अलर्टचा उपयोग नाही. पंधरा दिवसांत ते बंद केले.

स्विफ्टची गोष्टच वेगळी. 2004 पासून फिरणाऱ्या या उपग्रहावर बॅट नावाचं उपकरण आहे. वर शिशाच्या सुमारे 52,000 चकत्यांची विस्कळीत मांडणी, खाली 32,768 छोटे डिटेक्टर. सकाळी जाळीच्या खिडकीतून ऊन आलं की फरशीवर नक्षी उमटते आणि सूर्य सरकला की नक्षीही सरकते. बॅट तेच करतो: शिशाची सावली डिटेक्टरांवर कुठे पडली त्यावरून स्फोट कुठून आला ते काढतो. चूक साधारण 3 आर्कमिनिट त्रिज्येची (अंशाचा साठावा भाग म्हणजे आर्कमिनिट). म्हणजे अख्खं वर्तुळ चंद्राच्या रुंदीच्या पाचव्या हिश्शाएवढं! मग उपग्रह स्वतःच तिकडे वळतो, आणि क्ष-किरण दुर्बीण तीच जागा काही आर्कसेकंदांवर (आर्कमिनिटाचा साठावा भाग) आणून ठेवते.

जानेवारीतली एक रात्र लिहायलाच हवी. पावणेदोनला फोन वाजला. अलर्टमध्ये आरए, डेक्लिनेशन (आकाशातली जागा सांगणारे दोन आकडे), खाली एरर 3.00 आर्कमिनिट, मग सूर्य किती दूर, चंद्र किती दूर आणि किती उजळलेला. स्वेटर चढवून गच्चीत गेलो, दुर्बीण वळवली, एकेक मिनिटाच्या फ्रेम सुरू केल्या. तोवर क्ष-किरणांची जागाही आली होती. त्या जागेचा जुना फोटो शेजारी उघडला. माझ्या फ्रेममध्ये एक फिकट ठिपका होता, जुन्या फोटोत तिथे काहीच नव्हतं. तासाभरानं पुन्हा फ्रेम घेतल्या तर ठिपका जेमतेम दिसत होता. अब्जावधी वर्षांचा प्रवास करून आलेला प्रकाश माझ्या डोळ्यांदेखत ओसरला. मी घरच्यांना उठवून दाखवला. आठ महिन्यांत असं दोनदाच घडलं, तरी मला ते भरपूर वाटतं.

नव्यानं सुरू करणाऱ्यांनी अलर्ट शेवटपर्यंत वाचावा. स्टार ट्रॅकरचा (तारे पाहून उपग्रहाची दिशा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याचा) लॉक सुटलेला असेल तर तशी नोंद खाली असते, मग तो इशारा बहुतेक खोटा. पाठोपाठ येणारी सर्क्युलरं, म्हणजे खगोलशास्त्रज्ञांनी लिहिलेली छोटी टिपणं, तीही वाचावीत. 9 ऑक्टोबर 2022 चा आजवरचा सर्वांत तेजस्वी स्फोट स्विफ्टच्या पहिल्या निरोपात आपल्याच आकाशगंगेतली वस्तू म्हणून आला होता. फर्मीला तोच स्फोट जवळजवळ तासभर आधी दिसलेला, ही जोड नंतर लागली.

अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या सीझेडटीआय उपकरणाबद्दल मला जास्त आपुलकी, कारण त्याचा डेटा पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेत हाताळला जातो. स्फोटांच्या किरणांचं ध्रुवीकरण (किरणांच्या कंपनांची दिशा) मोजण्यात त्याचं काम फार मोलाचं आहे. मात्र डेटा जमिनीवर उतरल्यावरच स्फोट कळतो, त्यामुळे रात्री धावत गच्चीत जायला तो नाही. सर्क्युलर आलं की सकाळी चहाबरोबर वाचतो.

काळजी एकच. मार्च 2024 मध्ये स्विफ्टचा एक जायरो (उपग्रह किती वळला ते मोजणारं यंत्र) बिघडला, नवं सॉफ्टवेअर चढवून तो दोन जायरोंवर चालवायला घेतला. त्यात सूर्य जोरात असला की वरचं वातावरण फुगतं आणि उपग्रहाची कक्षा खालावते. म्हणून चीन-फ्रान्सच्या स्वोम उपग्रहाचे अलर्टही आता जोडून ठेवलेत. दिवाळीआधी आभाळ मोकळं झालं की स्क्रिप्टमध्ये पूर्वेकडच्या आंब्याची उंची टाकायची आहे. त्याच्याआडचे स्फोट मला दिसत नाहीत.