'द शायनिंग': सिनेमा की मालिका?

स्टीफन किंगची 'द शायनिंग' ही कादंबरी १९७७ची. तिच्यावर स्टॅनली कुब्रिकने १९८० मध्ये सिनेमा काढला. तो किंगला काही रुचला नाही. पुढे १९९७ मध्ये त्याने स्वतः पटकथा लिहिलेली तीन भागांची मालिका आली.

पुस्तकाशी इमान राखण्यात मालिका कितीतरी पुढे. कादंबरीत दारू सोडू पाहणारा, मुलावर जीव असलेला बाप, जॅक, एका हॉटेलात राखणदारीच्या नोकरीला जातो आणि तिथे हळूहळू ढासळतो. मालिकेत ते नीट उतरलंय. कुब्रिकचा जॅक मात्र नोकरीच्या मुलाखतीतच असा काही हसतो की पुढचं सगळं तिथेच कळतं. इथे किंगची तक्रार मला रास्त वाटते.

पण गंमत बघा. पुस्तकात झुडपं कापून केलेले प्राणी जिवंत होतात. वाचताना अंगावर काटा येतो. मालिकेने ते जसेच्या तसे घेतले, आणि संगणकावर बनवलेले ते प्राणी पाहून चक्क हसू फुटतं. कुब्रिकने प्राणीच काढून टाकले, त्याजागी झुडपांचा भुलभुलैया उभा केला. शेवटही फिरवला: कादंबरीत बॉयलर फुटून हॉटेल जळतं, सिनेमात जॅक त्याच भुलभुलैयात गोठून मरतो.

कादंबरी मनापासून आवडली असेल तर मालिका बघा. मी स्वतः पुन्हा पुन्हा लावतो तो सिनेमाच.