बीबीकोडचा मजकूर हेक्समध्ये बघायचा आहे: एक्सएक्सडी, पायथन, डेटाबेस की ऑनलाइन कन्व्हर्टर?

बीबीकोडमध्ये (फोरमवरचा मजकूर ठळक वगैरे करायला चौकोनी कंसांत टॅग लिहायची पद्धत) टॅग बरोबर लिहिलाय, बंद करणारा टॅगही जागेवर आहे, स्पेलिंग पुन्हा पुन्हा तपासून झालंय, तरी शब्द काही ठळक होत नाही. [बी] आणि [/बी] पानावर जसेच्या तसे उमटतात. अशा वेळी मजकुराकडे टक लावून बघण्यात वेळ जातो, कारण घोळ घालणारं अक्षर बहुतेकदा दिसणारंच नसतं. मग मजकुराचे बाइट, म्हणजे अक्षरं ज्या आकड्यांत साठतात ते, हेक्समध्ये (सोळा अंकांच्या मोजणीत: ० ते ९ आणि ए ते एफ) उघडून बघावे लागतात. त्यासाठी साधनं भरपूर आहेत आणि कुठलं घ्यावं यावर लोक अडतात. माझं मत आधीच सांगतो: साधन निवडताना ते किती सुंदर दाखवतं हे बघू नका, तुमचा मजकूर त्याच्यापर्यंत कुठल्या वाटेने पोचतो ते बघा. वाटेत एकदा जरी कॉपी-पेस्ट आलं, तरी समोर दिसणारे बाइट मूळचेच आहेत याची खात्री उरत नाही.

हेक्सचे आकडे आणि टॅगची नावं इथे देवनागरीतच लिहिली आहेत. ‘५बी’ म्हणजे पाच आणि बी, हा उघडणाऱ्या चौकोनी कंसाचा बाइट. बंद होणारा कंस ५डी, तिरकी रेघ २एफ, लहान बी ६२.

साधनांकडे वळण्याआधी आपण नेमकं काय शोधतोय ते बघू. [बी] हा टॅग ५बी ६२ ५डी असा तीन बाइटांचा असायला हवा. तो ५बी ६२ ई२ ८० ८बी ५डी असा दिसला, तर बी आणि कंस यांच्यामध्ये शून्य रुंदीची मोकळी जागा घुसली आहे. पार्सरला (टॅग वाचून त्यांचं रूप बनवणाऱ्या प्रोग्रॅमला) असा टॅग माहीतच नाही, म्हणून तो साधा मजकूर समजून सोडून देतो. नेहमीच्या स्पेसच्या (२०) जागी सी२ ए० असेल तर ती न तुटणारी स्पेस. वर्ड किंवा वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात ती हटकून सापडते. दुव्याच्या टॅगमध्ये अवतरणचिन्ह असेल तर ते सरळ, म्हणजे २२ हा बाइट असायला हवा. त्याच्या जागी ई२ ८० ९सी आणि ई२ ८० ९डी ही जोडी आली असेल, तर फोनच्या कीबोर्डने किंवा वर्डने आपणहून गोल अवतरणचिन्हं घातली आहेत. फाइलच्या अगदी सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ असेल तर तो बीओएम, म्हणजे एन्कोडिंग सांगणारी अदृश्य खूण.

मराठी मजकुरात याच्या जोडीला आणखी एक प्रकरण असतं, आणि माझ्या मते हेक्स शिकण्याचं सगळ्यात सबळ कारण तेच आहे. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो. त्याचे बाइट एकाखाली एक:

ऱ, हलंत, य, काना: ई० ए४ बी१ ई० ए५ ८डी ई० ए४ एएफ ई० ए४ बीई

र, हलंत, जोडणारं अदृश्य अक्षर, य, काना: ई० ए४ बी० ई० ए५ ८डी ई२ ८० ८डी ई० ए४ एएफ ई० ए४ बीई

पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोध घेतला तर एक सापडतो, दुसरा सापडत नाही. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं एकच अक्षर एकसारखं करणं) इथे कामाला येत नाही. र आणि नुक्ता वेगवेगळे लिहिले असतील तर एनएफसी त्यांचा ऱ करून देतं, पण ई२ ८० ८डी हे अदृश्य अक्षर जिथल्या तिथे ठेवतं. वाटेतल्या एखाद्या सॉफ्टवेअरने ‘अदृश्य अक्षरं साफ करा’ म्हणून ते काढून टाकलं, की ‘दुसर्या’ उमटतं. ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं आणि दोष टंकणाऱ्याच्या शुद्धलेखनाला जातो.

आता साधनं.

टर्मिनलवरची मंडळी: एक्सएक्सडी, हेक्सडम्प, ओडी

मजकूर फाइलमध्ये असेल तर इथेच या. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, चालणारी ही साधनं फाइल जशी आहे तशी वाचतात, मधे कोणी हात लावत नाही. तिघांत माझी पसंती एक्सएक्सडीला. तो विम संपादकाबरोबर येतो, मॅकवर आधीच असतो आणि एका ओळीत १६ बाइट दाखवतो. मुळात तो दोन-दोन बाइटांचे गट करतो. ‘-जी १’ दिलं की एकेक बाइट सुटा दिसतो, आणि देवनागरी वाचताना तसंच सोयीचं पडतं. पण पसंतीचं खरं कारण ‘-आर’ हा पर्याय: हेक्समध्ये दुरुस्ती करून त्याचा पुन्हा मजकूर करता येतो. विममध्ये उघडलेली फाइल तिथल्या तिथे हेक्स करायची, नको ते तीन बाइट उडवायचे, परत फिरवायची. एकच ध्यानात ठेवा, उजवीकडच्या अक्षरांच्या रकान्यात केलेला बदल परत फिरवताना धरला जात नाही. बदल हेक्सच्या रकान्यातच करायचा.

हेक्सडम्प वापरायचा तर ‘-सी’ (मोठा सी) लावूनच वापरा. नुसता चालवला तर तो दोन बाइटांचा एक आकडा करून दाखवतो, आणि आपल्या नेहमीच्या संगणकांवर ते दोन बाइट उलटे होतात. ५बी ६२ च्या जागी ६२५बी दिसतं आणि नवखा माणूस टॅगच उलटा साठवला गेलाय अशा समजुतीने तासभर भलतीकडे शोधत बसतो. शिवाय सारख्या ओळी आल्या की तो त्या गाळून एक तारा टाकतो. सगळं दिसायला हवं असेल तर ‘-व्ही’.

ओडी तिघांत सर्वांत जुना, १९७१ च्या पहिल्या युनिक्सपासूनचा. तो आपणहून अष्टमान (आठ अंकांच्या मोजणीतले) आकडे देतो, त्यामुळे हेक्स हवं तर ‘-टी एक्स१’ सांगावं लागतं. दिसायला रुक्ष आहे, पण जेमतेम सामान असलेल्या सर्व्हरवर किंवा कंटेनरमध्ये एक्सएक्सडी नसला तरी ओडी बहुधा सापडतोच.

एक्सएक्सडी आणि ‘-सी’ लावलेला हेक्सडम्प यांचा एक समान तोटा आहे. उजवीकडच्या रकान्यात देवनागरीच्या प्रत्येक बाइटला एक टिंब येतं, म्हणजे एका अक्षराला तीन टिंबं. इंग्रजी टॅग वाचता येतात, मराठी मजकूर येत नाही. आणि छोटा तुकडा तपासायला ‘एको’ वापरलात तर शेवटी ०ए हा नव्या ओळीचा बाइट चिकटतो, जो तुमच्या मजकुरात नव्हताच. ‘प्रिंटएफ’ला ‘%एस’ देऊन मजकूर पाठवला की हा प्रश्न येत नाही.

विंडोजवर पॉवरशेलमध्ये ‘फॉरमॅट-हेक्स’ आहे. त्याला फाइलचा पत्ता दिला तर चोख काम करतो. जुन्या ५.१ आवृत्तीत मजकूर थेट पाइपमधून दिला तर मात्र देवनागरीच्या जागी ३एफ ३एफ अशी प्रश्नचिन्हं येतात. ती मजकुरातली नसतात, पॉवरशेलने घातलेली असतात. खिडकीतलं साधन आवडत असेल तर विंडोजवर एचएक्सडी, आणि कुठेही चालेल असं व्हीएस कोडचं हेक्स एडिटर एक्स्टेन्शन. दोन्ही चांगली आहेत.

पायथन

‘कुठला बाइट’ एवढ्याने भागत नसेल, ‘हे अक्षर कोण’ हे कळायला हवं असेल, तर पायथन. मजकुराचे यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटांत साठवायची नेहमीची पद्धत) बाइट करून ‘हेक्स’ मागवलं की झालं, ३.८ आवृत्तीपासून त्याला मोकळी जागा देऊन बाइट सुटे करता येतात. पण खरी मजा ‘युनिकोडडेटा’ या मॉड्यूलमध्ये आहे. एकेका अक्षराचं अधिकृत नाव तो छापतो. वरच्या दोन ‘ऱ्या’ त्यातून काढल्या की एकीत ‘देवनागरी लेटर आरआरए’ येतं आणि दुसरीत ‘झीरो विड्थ जॉइनर’ असं लख्ख लिहून येतं. हेक्स पाठ नसलेल्या सहकाऱ्याला किंवा संपादकाला दाखवायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

दोन गोष्टी सांभाळा. फाइल ‘आरबी’ मोडमध्ये उघडा. साध्या मोडमध्ये पायथन ०डी ०ए या विंडोजच्या ओळखुणेचा गुपचूप ०ए करतो, आणि तुम्ही नेमका तोच फरक शोधत असाल तर तो हाती लागण्याआधीच पुसला जातो. दुसरं, नव्या ओळीसारख्या नियंत्रण-अक्षरांना नावच नसतं, तिथे प्रोग्रॅम चूक दाखवून थांबतो. नाव विचारतानाच दुसरा पर्यायी शब्द देऊन ठेवा, म्हणजे अडणार नाही.

डेटाबेसमधूनच हेक्स

मजकूर मायएसक्यूएलमध्ये साठवलेला असेल आणि तुम्हाला तिथवर जायची परवानगी असेल, तर दुसरीकडे कुठे जाऊच नका. ‘हेक्स’ हे फंक्शन रकान्यावर चालवलं की साठवलेले बाइट सर्व्हरवरच आकड्यांत बदलतात. पुढे कनेक्शनचं एन्कोडिंग चुकलेलं असो की टर्मिनलचा फॉन्ट, आकडे बिघडत नाहीत. पोस्टग्रेसमध्ये मजकूर आधी बाइटांत बदलून मग ‘एन्कोड’ला हेक्स मागायचं.

जुनी माहिती नव्या सर्व्हरवर हलवल्यावर मराठीचा ‘à¤’ छापाचा चुरा होतो, त्याचा निकालही इथेच लागतो. ‘क’चे खरे बाइट ई० ए४ ९५. ते कुणीतरी मायएसक्यूएलचं लॅटिन-१ (प्रत्यक्षात विंडोज-१२५२ हे जुनं एन्कोडिंग) समजून पुन्हा यूटीएफ-८ केले, तर सी३ ए० सी२ ए४ ई२ ८० ए२ असे सात बाइट होतात. रकान्यात सी३ ए० सी२ ए४ ही चौकडी पुन्हा पुन्हा दिसली, तर मजकूर दोनदा एन्कोड होऊन साठला आहे. ई० ए४ दिसलं, तर साठवण ठीक आहे आणि बिघाड दाखवण्यात आहे. दुरुस्तीच्या वाटा पूर्णपणे वेगळ्या, त्यामुळे हे बघितल्याशिवाय कुठलंही ‘कन्व्हर्ट’ चालवू नये. बरोबर असलेला मजकूर त्याने बिघडतो.

डेटाबेसमध्येच बघायचं आणखी एक कारण म्हणजे माणसाने टंकलेलं आणि साठलेलं एकच नसतं. पीएचपीबीबी या फोरम-सॉफ्टवेअरच्या ३.० मालिकेत टॅग साठवताना त्याला कोलन (:) आणि आठ अक्षरांची खूण जोडली जायची, म्हणजे ६२ नंतर ५डी न येता ३ए यायचं. दुव्यातले कोलन २६ २३ ३५ ३८ ३बी असे पाच बाइटांचे होऊन बसायचे. २०१७ च्या ३.२ पासून ही पद्धत बदलली. मजकूर एक्सएमएलसारखा साठतो आणि त्याची सुरुवात ३सी ७२ ३ई किंवा, टॅग नसतील तर, ३सी ७४ ३ई अशी असते. जुना डेटा काढून दुसरीकडे नेणाऱ्याने हे पहिले तीन बाइट बघूनच पुढचं ठरवावं.

हेक्समध्येच शोध घेणार असाल तर सापडलेली जागा (मोजणी एकपासून) विषम आहे ना ते बघा. सम जागेवर सापडलेलं ई२८०८डी हे एका बाइटचा अर्धा भाग आणि पुढच्याचा अर्धा मिळून झालेलं असतं. तिथे ते अक्षर नसतं.

ऑनलाइन कन्व्हर्टर

सोपे आहेत, फोनवर चालतात, काही बसवावं लागत नाही. एखाद-दुसऱ्या अक्षराची शंका असेल तर खुशाल वापरा. पण आधी परीक्षा घ्या. त्यात [बी]क[/बी] टाका, टॅग अर्थातच रोमन अक्षरात. उत्तर ५बी ६२ ५डी ई० ए४ ९५ ५बी २एफ ६२ ५डी असंच यायला हवं, बरोबर दहा बाइट. ‘क’च्या जागी ९१५ आलं, तर ते साधन बाइट दाखवत नाही, जावास्क्रिप्टमधला अक्षराचा क्रमांक दाखवतंय. मग नवी ओळ घालून बघा. ०ए च्या जागी नुसतं ‘ए’ आलं तर ते हेक्स परत मजकुरात फिरवता येणार नाही, कारण कुठला आकडा कुठे संपतो तेच कळत नाही.

परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या साधनालाही एक गोष्ट जमत नाही. ब्राउझरच्या मजकूर-चौकटीत काहीही चिकटवलं की ओळींच्या शेवटचे ०डी ०ए सगळे ०ए होऊन स्क्रिप्टच्या हाती पडतात. एचटीएमएलचा नियमच तसा आहे. म्हणून ओळी तुटण्याची, रिकाम्या ओळी दुप्पट होण्याची तक्रार असेल, तर चौकटीत पेस्ट करून ती कधीच सापडणार नाही. फाइल निवडून देण्याची सोय असेल तर ती वापरा.

यातल्या यात सायबरशेफ घ्या. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेने ते २०१६ मध्ये खुलं केलं. सगळं काम तुमच्याच ब्राउझरमध्ये होतं, पूर्ण साधन उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही चालतं, आणि फाइल थेट उघडता येते. अनोळखी साइटवर लोकांचे खासगी संदेश किंवा पासवर्ड असलेला मजकूर टाकू नका. हेक्स केल्याने काहीही लपत नाही, कोणीही ते क्षणात उलटं फिरवू शकतो.

तर ठरवायचं कसं? मजकूर फाइलमध्ये असेल तर एक्सएक्सडी, डेटाबेसमध्ये असेल तर तिथलंच ‘हेक्स’, आणि त्या हेक्सचा अर्थ लावायला पायथन. मी ही तिन्ही मिळूनच वापरतो आणि एकातच सगळं बसवायचा हट्ट धरत नाही. फक्त फोन हाताशी असेल तर सायबरशेफ.

शेवटी दुरुस्तीबद्दल, कारण हेक्स बघितल्यावर हात शिवशिवतात. ई२ ८० ८बी टॅगच्या आत सापडलं तर निर्धास्त काढा. ई२ ८० ८डी सरसकट काढू नका. मराठीत ते अक्षर अनेक ठिकाणी मुद्दाम, काम असल्यामुळे बसलेलं असतं. आधी ई० ए४ बी० ई० ए५ ८डी ई२ ८० ८डी या नऊ बाइटांच्या जागी ई० ए४ बी१ ई० ए५ ८डी हे सहा घाला, म्हणजे र-हलंत-जोडणीचा सरळ ऱ-हलंत होईल. इनस्क्रिप्टवर शिफ्ट आणि जे दाबून हलंत दिला की जे मिळतं, तेच हे. त्यानंतरही जिथे ई२ ८० ८डी उरेल, तिथे ते कुठल्या अक्षरामागे आहे ते पायथनने छापून घ्या आणि मराठी वाचणाऱ्या माणसाला ती यादी दाखवा. टॅगच्या कंसांत असेल तर काढायचं, शब्दात असेल तर त्या माणसाने सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही.